नऊ नंबरचा फॉर्म

बाप वारला तो राज्याच्या हद्दीच्या अलीकडे आणि मुलगा राहायचा पलीकडे. मधे एक नदी होती आणि शवागाराच्या खिडकीत एक कारकून.

"बॉडी राज्याबाहेर नेता येत नाही," कारकून म्हणाला. "आमच्या राज्याचा कायदा आहे."

"घरी आई वाट बघतेय हो. तिला चालता येत नाही. शेवटचं तोंड तरी बघू दे तिला."

"माझी काय हरकत? पण नऊ नंबरच्या फॉर्ममध्ये बाहेरच्या वारसाला रकानाच नाही."

मुलगा शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचा. तास सोडून तसाच धावत आला होता, त्यामुळे पिशवीत राज्यघटना होती. ती त्याने खिडकीवर ठेवली. "सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांपूर्वीच हा कायदा रद्द केलाय. घटनेपुढे राज्याचा कायदा टिकत नाही. सातवीतल्या पोरांनाही कळतं."

कारकुनाने वर फोन लावला. बराच वेळ नुसतं 'हो साहेब' करून त्याने फोन ठेवला.

"बरोबर आहे तुमचं. कायदा रद्द. म्हणजे त्याखालचा फॉर्मही रद्द. आता कुणालाच बॉडी मिळणार नाही."

रांगेत मागे एक मावशी उभ्या होत्या. "मास्तर, माझा नवरा सकाळपासून आत आहे," त्या हळूच म्हणाल्या. "माझा फॉर्म भरून झाला होता."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. समतेचा धडा ते दरवर्षी शिकवत. समता अशी येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पण धडा अर्धवट सोडायची सवय नव्हती.

"तुमची नेमणूक कोणत्या कायद्याखाली झाली?"

"ह्याच," कारकून म्हणाला.

"मग 'नाही' म्हणायला तुम्ही तरी कुठे उरलात?"

अठरा वर्षं नाही म्हणणाऱ्या त्या माणसाने पेनाला टोपण लावलं, किल्ली उचलली आणि बाहेर आला. "चला मावशी, आधी तुमचं बघू."

मग त्याने मास्तरांच्या वडलांनाही खांदा देऊन गाडीत ठेवलं. दार लावताना म्हणाला, "पुलापलीकडे चौकीवर जपून. बाहेरचं प्रेत आत आणायला तुमच्याही राज्याचा कायदा आहे. सतरा नंबरचा फॉर्म."

"तोही घटनेविरुद्धच असणार."

"असेल. पण त्याच्याविरुद्ध अजून कुणी कोर्टात गेलेलं नाही."

मास्तरांचा फोन वाजला. आई विचारत होती, "किती वेळ लागेल रे?"

अशा खटल्याला सरासरी सात वर्षं लागतात, हे मास्तरांना तोंडपाठ होतं.