गावित सरांचं निर्णायक मत

आमचे गावित सर उत्तरपत्रिका पेन्सिलीने तपासतात. "लाल पेनाला खात्री लागते, जोशी सर. ती आपल्याकडं नाय." नागरिकशास्त्र शिकवणारा इतका गोंधळलेला मास्तर मी दुसरा पाहिला नाही. माझं घर पंचवटीतलं, यात्रेकरूंचे विधी करणारं. आमच्याकडे चूकसुद्धा खणखणीत आवाजात करतात. त्यामुळे पेठ तालुक्यातल्या या आश्रमशाळेत गणित शिकवायला आल्यापासून हा माणूस मला कळतच नाही.

एकदा 'सार्वजनिक मालमत्ता' शिकवत होते. पुस्तकात एसटी, दवाखाना, रस्ता. एका पोरीनं विचारलं, "सर, आमचा डोंगर?" सर खिडकीतून डोंगराकडे बघत राहिले ते तास संपेपर्यंत. मग स्टाफरूममध्ये येऊन मलाच म्हणाले, "असं म्हनलं तरी पंचाईत, तसं म्हनलं तरी पंचाईत." हे त्यांचं पालुपद. चहात साखर हवी का विचारलं तरी हेच.

यंदा सातवीतून शाळेचा मुख्यमंत्री निवडायचा होता. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब येणार आणि त्यांच्यासमोर शपथविधी होणार. जबाबदारी वर्गशिक्षक गावितांची. पेन्सिलीपायी एक मेमो त्यांनी आधीच खाल्लेला. दुसरा मिळाला की बढती गेलीच म्हणायची.

मंजुळा आणि काशिनाथ उभे होते. नकाशाच्या आड मतदान, बोटाला शाई, सगळं साग्रसंगीत. चव्वेचाळीस मुलं. मंजुळाला बावीस, काशिनाथला बावीस. पुन्हा घेतलं, बावीस-बावीस. तिसऱ्यांदाही तेच. मी गणिताचा माणूस, मलाच घाम फुटला.

सरांनी दरडावून विचारलं तेव्हा उलगडा झाला. पाड्यावर तंटा मिटवायला मोठी माणसं गोल करून बसतात, तशी पोरं आदल्या संध्याकाळी मैदानात बसली होती. दोघांपैकी कुणी पडू नये म्हणून मतं सारखी वाटून घेतली होती. उमेदवारांनी तर एकमेकांनाच मत दिलं होतं.

"अरे, एकानं तरी फुटा रे!" नागरिकशास्त्राचा मास्तर पोरांना हात जोडून फुटायला सांगत होता.

"पन जो हारंल तो रडंल ना, सर," मंजुळाच म्हणाली.

मुख्याध्यापक वैतागले. म्हणाले, निर्णायक मत वर्गशिक्षकांचं, आटपा. सर नकाशाआड गेले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पाऊण तासिका. शेवटी बाहेर येऊन त्यांनी चिठ्ठी पेटीत टाकली. उघडून बघतो तर दोन्ही नावांवर शिक्का. मत बाद!

साहेब आले, मुख्यमंत्र्याविना परत गेले आणि सरांच्या हाती मेमो पडला. मी भयंकर चिडलो. "एका नावावर शिक्का मारायला तुमचं काय जात होतं हो?"

"मी शिकत होतो तवा आमच्या आश्रमशाळेत मीच झालो होतो मुख्यमंत्री," सर म्हणाले. "एका मतानं. ते मत माझं सोताचं. समोर सोमा होता, माझ्या काकाचा पोरगा. एका ताटात जेवायचो आम्ही. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला तो परत आलाच नाय. आता मत तर मी नियमानंच दिलं होतं. मग चुकलं कुठं, ते अजून कळत नाय मला."

विषय बदलायचा म्हणून विचारलं, "भेटतो का तो आता?"

"भेटतो ना. बाजारात नागली विकायला येतो." सर मेमोची घडी घालत राहिले. "मला 'अहो सर' म्हनतो."