आठ ठिकाणं, चार डोकी

"सात मिनिटं झाली! चला गाडीत!" असं ओरडून डबलबेलकाकांनी गाडीच्या टपावर दोन थापा मारल्या, तेव्हा काकू नुकत्या कुठे खडकावर टेकत होत्या. समोर समुद्राने कड्याला भोक पाडून अख्खी कमान कोरली होती आणि तिच्यातून लाटा आत-बाहेर करत होत्या. या कामाला समुद्राला काही लाख वर्षं लागली होती. ते बघायला काकांनी सात मिनिटं दिली होती.

काकांनी चौतीस वर्षं बसवर कंडक्टरकी केली. निवृत्त झाले, पण सुटले नाहीत. घरी आलेला पाहुणा उठला की हे दारावर दोनदा टकटक करणार, म्हणजे तो निघाला! आज किनाऱ्यावरची आठ प्रेक्षणीय ठिकाणं संध्याकाळच्या आत उरकायची होती, आणि कमान हे त्यातलं फक्त दुसरं ठिकाण होतं.

"अहो, मी अजून धड बसलेसुद्धा नाही," काकू म्हणाल्या.

"बसायला गाडीत सीट आहे की!"

काकू उठल्या. "ऐकून ठेवा. पुढच्या ठिकाणी मला निवांत बसू दिलं नाहीत, तर तुमच्याबरोबरची ही माझी शेवटची सहल."

आणि तोंड मिटून त्या थेट शेवटच्या सीटवर जाऊन बसल्या.

पुढचं ठिकाण दीपगृह. तिथला वारा असा, की टकलावरचेसुद्धा केस विस्कटावेत. लाटांचे तुषार कड्यावरून वर उडत, म्हणून फाटकाजवळच्या दुकानातून सगळेच रेनकोट घेत. दुकानात रंग एकच, पिवळा. पाच मिनिटांत दीपगृहाभोवती माणसं कुठली आणि पिवळे कोट कुठले, काही कळेनासं झालं.

सातव्या मिनिटाला काकांनी टपावर थापा मारल्या आणि डोकी मोजली. जावई स्टिअरिंगवर, एक. लेक पुढे, वळणांनी मळमळतं म्हणून डोळे मिटलेली, दोन. शेवटच्या सीटवर आडवी झालेली रेनकोटाची पिवळी टोपी, तीन. आपण स्वतः, चार. चौतीस वर्षं काकांनी डोकीच मोजली होती, तोंडं कधी पाहिली नव्हती.

"राइट!" काका म्हणाले, आणि गाडी सुटली.

चौथं ठिकाण फुंकणारी गुहा. लाट आत शिरली की खडकाच्या भोकातून पाण्याचा फवारा थेट ढगाला जाऊन टेकायचा. मागची टोपी काही खाली उतरली नाही.

"आई रुसलीय, बाबा," लेक डोळे न उघडता म्हणाली.

पाचव्या ठिकाणी काळी वाळू होती. टोपी तिथेही उतरेना. आता मात्र काकांना काकूंची धमकी आठवली. शेवटची सहल म्हणाली होती ना! ते सीटवर चुळबुळले, खाकरले, एक संत्रं सोललं आणि मान न वळवता हात मागे केला.

"घे. चुकलं माझं."

मागून एक हात आला आणि फोडी घेऊन गेला.

काकांना हुरूप आला. "अगं, घाई करायचा माझा स्वभावच मेला वाईट. पुढच्या ठिकाणी तू हवं तितकं बस. मी हूं की चूं करणार नाही."

जावयाने चकित होऊन आरशात पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला. "बाबा! आईंना मिशा आहेत!"

"संत्रं गोड आहे हो," मिशा म्हणाल्या. "अजून आहे का?"

"तुम्ही कोण?" काका किंचाळले.

"आमचीही गाडी पांढरीच. दीपगृहापाशी चुकून चढलो. पहिल्या वळणावरच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"इतकी शांतता मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाली. त्यात तुम्ही माफी मागायला लागलात. माझी माफी आजवर कुणी मागितली नव्हती, म्हटलं पुरती ऐकून घेऊ!"

काकूंचा फोन पर्समध्ये, पर्स गाडीत. गाडी उलटी फिरली. जाताना काकांना दिसला नाही तो कडा आता पावलोपावली दिसू लागला, आणि प्रत्येक टोकावर रडणाऱ्या काकू दिसू लागल्या. "दाब रे, दाब!" ते जावयाला म्हणत होते, आणि पुढच्याच वळणावर "हळू रे, हळू!"

दीपगृहापाशी कड्याच्या काठाला एक बाक होता. त्यावर दोन पिवळे कोट समुद्राकडे तोंड करून गप्पा मारत होते. काका धापा टाकत पोचले.

"अगं! तू ठीक आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?" काकू वळल्या. "आणि तुम्ही एवढे का धापा टाकताय?"

"अडीच तास झाले! आम्ही तुला इथे टाकून गेलो होतो!"

"काय सांगता? मला वाटलं, तुम्ही दीपगृहाच्या पायऱ्या मोजत असाल."

दुसऱ्या कोटाने काकांच्या मागे पाहिलं. "आणि हे कुठे सापडले? मी समजत होते, हे आमच्या गाडीत झोपलेत."

"चिडली नाहीस ना?" काकांनी हळूच विचारलं.

"चिडू कशाला? तुम्ही गेलात म्हणून तर बसायला मिळालं. आता असं करा, उरलेली ठिकाणं तुम्ही बघून या. ह्या बाई मला संध्याकाळी घरी सोडतील."

काका तिथेच घुटमळले. समोर लाट कड्यावर फुटत होती, आणि तिचं पाणी खडकावरून सावकाश, अगदी सावकाश ओघळत होतं.

"मी पण बसू का जरा?"

काकूंनी बाकाकडे पाहिलं, मग मैत्रिणीकडे. "दोघींपुरतीच जागा आहे हो."

एवढ्यात पुन्हा गाडीत जाऊन बसलेल्या मिशा खिडकीतून बाहेर आल्या. "अहो, आवरा की! तीन ठिकाणं राहिलीत, अंधार काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"