चौसष्टावं गाणं

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ग्रंथपाल अंघोळीला गेले आणि जाताना फोन घेऊन गेले. सगळं बिनसलं ते इथेच.

एरवी ते बाथरूममध्ये फोन नेणाऱ्यांतले नव्हते. पण आदल्या दिवसापासून त्यांच्या गटात वाद पेटला होता आणि उत्तर देणं भाग होतं. हा गट म्हणजे 'सातवा मजला' या बँडचे बावीस चाहते. बँड मोडून तीस वर्षं झाली होती. पाठीमागे राहिले होते पाच अल्बम आणि चौसष्ट गाणी. ही गाणी गुणवत्तेनुसार क्रमाने लावायचं काम ग्रंथपालांकडे होतं. जो माणूस पुस्तकं रांगेत लावतो तो गाणीही लावेल, असा सगळ्यांचा हिशोब. पहिल्या नंबरावर 'राखेचे आरसे' होतं. ते नऊ मिनिटांचं गाणं ऐकून उठलेला माणूस बराच वेळ कुणाशी बोलत नसे. आणि दरवर्षी न चुकता शेवटच्या नंबरावर 'टोपी उडाली'.

'टोपी उडाली' सव्वादोन मिनिटांचं. वाऱ्याने एका माणसाची टोपी उडते, तो मागे धावतो, टोपी काही सापडत नाही, पण डोक्याला वारा लागून इतकं बरं वाटतं की तो तसाच शीळ घालत घरी जातो. बस्स, एवढंच.

गटातल्या चष्मेवाल्याला हे गाणं जिवापाड आवडायचं. दर रविवारी दुपारी सगळे त्याच्याच दुकानात जमायचे. आदल्या दिवशी त्याने लिहिलं होतं, "अहो, निदान चाळिसावं तरी करा. माणूस हसतो ते ऐकून!"

"हसण्यासाठी बँड कशाला हवा?" असं ग्रंथपालांनी उलट लिहिलं होतं. "पासष्टावं गाणं असतं, तर मी हे पासष्टावं ठेवलं असतं."

आज याच मुद्द्यावर ते सविस्तर बोलणार होते. बादली भरेपर्यंत बोलून पाठवू, या विचाराने त्यांनी रेकॉर्डिंग सुरू केलं, घसा खाकरला, तेवढ्यात नळाचं पाणी एकदम गार झालं. फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून ते नळाशी झटापट करू लागले, आणि फोनचा विषय डोक्यातून साफ निघून गेला. मग अंगावर पाणी पडल्यावर कुणाचंही होतं ते त्यांचं झालं. ते गाऊ लागले.

आणि गायले काय, तर 'टोपी उडाली'.

बायकोला सोडून ही गोष्ट जगात कुणालाच ठाऊक नव्हती. ग्रंथपाल गेली वीस वर्षं अंघोळ करताना हेच गाणं म्हणत होते. 'राखेचे आरसे' म्हणत अंघोळ होत नाही; माणूस साबण हातात धरून विचार करत बसतो.

बाहेर आल्यावर त्यांनी फोन टॉवेलने पुसला. त्या पुसण्यातच अंगठा कुठेतरी लागला आणि तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं ते गायन बाकीच्या एकवीस जणांकडे रवाना झालं.

चहा घेताना त्यांनी फोन पाहिला आणि कप तसाच बशीत ठेवला. अठरा जणांनी ऐकलं होतं. 'चुकून गेलं, माफ करा' एवढं लिहून ते पाठवणार, तोच गटातल्या दंतवैद्यबाईंचा निरोप आला.

"हे कुठून मिळवलंत? सरावाच्या वेळचं रेकॉर्डिंग आहे ना? अंगावर काटा आला!"

पाठोपाठ दुसरा. "किती संथ घेतलंय! आणि तो ड्रम ऐका."

तो ड्रम म्हणजे प्लास्टिकची बादली होती. तिच्यावर अंघोळीचा मग आपटत होता.

तिसरा निरोप चष्मेवाल्याचा होता. "ज्या माणसाने हे गाणं शेवटी ठेवलं, त्यानेच असला दुर्मीळ ठेवा सगळ्यांना खुला करावा! याला मन मोठं लागतं. साहेब, मानलं तुम्हाला."

ग्रंथपालांनी आपण लिहिलेल्या चार शब्दांकडे पाहिलं. बारा वर्षांत चष्मेवाल्याने त्यांना एकदाही मानलं नव्हतं. त्यांनी ते चार शब्द पुसले आणि लिहिलं, "एका जुन्या परिचिताकडून मिळालं."

"खोटं तरी कुठे आहे?" बायकोला सांगताना ते म्हणाले. "मी स्वतःला पन्नास वर्षं ओळखतो."

"अहो, आत्ताच सांगून टाका. दोन दिवस हसतील आणि विसरतील."

"दोन दिवस? अगं, तू त्या दंतवैद्यबाईंना ओळखत नाहीस. हातात दाढ आली की मुळापर्यंत जातात त्या."

आणि बाई खरोखरच मुळापर्यंत गेल्या. संध्याकाळपर्यंत त्यांचं तीन परिच्छेदांचं विवेचन आलं. दुसऱ्या कडव्यात गायक नुसतं 'ला ला ला' करतो, म्हणजे तेव्हा शब्द लिहून व्हायचे होते, अर्थात हा पहिला खर्डा. (ग्रंथपालांना ते कडवं कधीच पाठ नव्हतं.) पुढे एका जागी गायकाचा आवाज चिरकतो आणि 'आई गं' असा उद्गार येतो, तिथे मूळ गाण्यातली वेदना उघडी पडते. (तिथे डोळ्यात साबण गेला होता.) आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे शेवटी लांबून येणारा एका स्त्रीचा स्वर. दंतवैद्यबाईंनी ते वाक्य कानाला हेडफोन लावून अकरा वेळा ऐकलं होतं.

"ती म्हणते, 'तो वेळ विसरलात ना? बाहेर ठेवलाय.' लक्षात घ्या! टोपी म्हणजे टोपी नाहीच. टोपी म्हणजे आयुष्य. आणि विसरलेला वेळ बाहेर आपली वाट पाहतोय!"

ग्रंथपालांनी हे बायकोला वाचून दाखवलं. ती बसस्थानकावर घोषणा करायची. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, हे बावीस वर्षं तिच्याच आवाजात लोक ऐकत होते.

"मी टॉवेल म्हणाले होते," ती म्हणाली. "टॉवेल विसरलात ना, बाहेर ठेवलाय."

"ते मला माहीत आहे."

"बावीस वर्षांत माझं ऐकून एक माणूस चुकीच्या गाडीत बसलेला नाही. आणि ह्यांना टॉवेल कळत नाही?"

"मध्ये दार होतं गं."

"दाराला काय झालंय? चांगलं पातळ दार आहे आपलं."

आठवडाभर गटात दुसरा विषय नव्हता. गाणं चौसष्टावरून चाळिसावर आलं, चाळिसावरून बारावर, आणि शुक्रवारी दंतवैद्यबाईंनी सुचवलं की आता पहिल्या तिनांत आणा. क्रमवारीच्या वहीत ग्रंथपालांनी स्वतःच्या हाताने खाडाखोड केली. वर चढणाऱ्या गाण्याचा आपल्याला आनंद होतोय की राग येतोय, हे त्यांचं त्यांनाच उमगत नव्हतं.

शनिवारी ते चष्म्याचा ढिला झालेला स्क्रू आवळून घ्यायला चष्मेवाल्याकडे गेले. दुकान कसंतरीच शांत होतं. एरवी डोळे तपासायला आलेलं गिऱ्हाईक फळ्यावरची अक्षरं वाचताना मागे हळू आवाजात 'टोपी उडाली' चालू असायचं. चष्मेवाला म्हणायचा, त्याने माणसाचा ताण जातो आणि नंबर बरोबर येतो.

"आज गाणं नाही?" ग्रंथपालांनी विचारलं.

"नाही लावत आता." चष्मेवाला स्क्रूवरून मान वर न करता म्हणाला. "परवा एका आजींना अक्षरं वाचायला बसवलं आणि गाणं लावलं. मला एकदम आठवलं, टोपी म्हणजे आयुष्य. तो वेळ बाहेर उभा आहे. माझ्याच हातून भलतीच काच लागली हो. आजींना उगाच जास्त नंबर दिला."

"अहो, पण तुम्हाला तर हे गाणं वर यायला हवं होतं ना?"

"वर आलं, पण गंभीर होऊन आलं. आमची ही आजारी होती, तेव्हा आम्ही दोघं हेच लावून बसायचो. ती म्हणायची, यात काही अर्थ नाही, हेच किती बरं आहे." त्याने चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला. "आता अर्थ निघाला. तुमचे उपकारच आहेत म्हणा."

त्याच्या 'उपकार' या शब्दात टोमणा नव्हता. त्यामुळेच तो ग्रंथपालांना फार लागला. घट्ट झालेला चष्मा घालून ते घरी आले तेव्हा त्यांचं ठरलं होतं.

"उद्या सांगून टाकतो," ते बायकोला म्हणाले. "तू चल माझ्याबरोबर. साक्षीला."

रविवारी दुपारी चष्मेवाल्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दंतवैद्यबाईंनी कमाल केली होती. बँडमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या बाईंना त्यांनी शोधून काढून आणलं होतं. बाई आता सत्तरीच्या होत्या आणि पोहायला शिकवायच्या. डोळे तपासायच्या उंच खुर्चीवर त्यांना मानाने बसवलं होतं. ग्रंथपालांनी तोंड उघडण्याआधीच दंतवैद्यबाईंनी रेकॉर्डिंग लावलं.

कीबोर्डवाल्या बाईंनी डोळे मिटून ऐकलं. पाणी, बादली, 'आई गं', सगळं. संपल्यावर त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला.

"आमचंच आहे," त्या म्हणाल्या. "ती गळकी खोली. पावसाचं पाणी खाली बादलीत पडायचं. आणि शेवटचा आवाज... अगंबाई, ती मीच की!"

दुकानात टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या मधोमध ग्रंथपाल उभे राहिले.

"तो मी आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?" दंतवैद्यबाई.

"गाणारा मी. सोमवारी सकाळी. अंघोळ करताना. चुकून पाठवलं गेलं. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, ही माझी चूक. आणि हे गाणं मला आवडतं. पहिल्यापासून आवडतं. लोक हसतील म्हणून शेवटी ठेवत होतो."

दंतवैद्यबाई हळुवार, पेशंटला समजावावं तशा म्हणाल्या, "समजू शकते मी. बारा वर्षांची क्रमवारी उलटली की मनाला लागतं. पण म्हणून पुरावाच नाकारायचा?"

"अहो, पुरावा मीच आहे! गाऊन दाखवतो."

आणि चष्मेवाल्याच्या दुकानात, अक्षरांच्या फळ्यासमोर उभे राहून ग्रंथपाल गायले. बादली नव्हती म्हणून त्यांनी चष्म्यांच्या रिकाम्या डबीवर ताल धरला. दुसऱ्या कडव्यात 'ला ला ला' केलं. 'आई गं'ही केलं, फक्त ते साबणाविना जमेना. शेवटी त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती उठली आणि बसस्थानकाला साजेशा खणखणीत आवाजात म्हणाली, "टॉवेल विसरलात ना? बाहेर ठेवलाय!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"प्रयत्न चांगला आहे," एक जण म्हणाला.

"पण मूळ गायकाचा दर्द नाही," दुसरा म्हणाला.

"आणि ह्या ताईंचा उच्चार जरा जास्तच स्पष्ट आहे," दंतवैद्यबाई म्हणाल्या. "मूळच्या त्या स्वरात जे गूढ आहे ना, ते अनुकरणाने येत नाही."

कीबोर्डवाल्या बाईंनी खुर्चीतूनच ग्रंथपालांच्या हातावर थोपटलं. "छान गाता हो. फक्त इतकं मनावर घेऊ नका."

तेवढ्यात मागून मोठ्याने हसू ऐकू आलं. चष्मेवाला काउंटरला धरून हसत होता. आठवडाभर हसला नव्हता, तेवढं सगळं एकदम हसत होता.

"ते जुनं रेकॉर्डिंग तुम्हीच ठेवा," तो डोळे पुसत म्हणाला. "मला हे आत्ताचं हवंय. साहेब, पुन्हा एकदा होऊ द्या, मी फोनवर घेतो. डबीसकट! उद्यापासून दुकानात हेच लावणार."

"यात काही अर्थ नाही हं," ग्रंथपाल म्हणाले.

"तेच तर! काडीचाही नाही!"

ग्रंथपाल पुन्हा गायले. या वेळी त्यांना कडवं नीट आठवलं, तरी त्यांनी 'ला ला ला'च केलं.

घरी येताना ते हलके झाले होते. सांगून झालं होतं; कुणाला पटलं नाही, याला त्यांचा इलाज नव्हता. बायको मात्र सगळा रस्ता झपझप पुढे चालत होती. दारात कुलूप काढताना ती म्हणाली, "माझं वाक्य त्या बाईंच्या नावावर लागणार?"

"वहीत तशीच नोंद करायची ठरली आहे."

"तुमच्या गटात मला घ्या."

"अगं, पण तुला कुठे त्या बँडचं..."

"घ्या म्हणते ना."

त्यांनी घेतलं. पाचच मिनिटांत तिचा पहिला निरोप सगळ्यांना गेला: "नमस्कार. तो शब्द 'टॉवेल' आहे. मी स्वतः म्हटला आहे."

लगेच दंतवैद्यबाईंचं उत्तर आलं.

"गटात स्वागत आहे, ताई. मताचा आदर आहे. पण नवीन सभासदांना एक विनंती, असे निष्कर्ष काढण्याआधी बँड थोडा मन लावून ऐकावा."