लाल टाचांचे गोगटे काका

आमच्या शेजारच्या गोगटे काकांच्या काळ्या बुटांना लाल टाचा आहेत. दुकानातून आणले तेव्हा नव्हत्या. काकांनी नेलपॉलिश आणून, बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून स्वतः रंगवल्या. "मॅडम के लिए?" असं दुकानातल्या मुलीने विचारलं, तर म्हणाले, "नहीं, मेरे बूट के लिए." तिने घाईघाईने बिल केलं.

काका इथे दुबईजवळच्या रास अल खैमात टाइल्सच्या कारखान्यात रंगांच्या लॅबमध्ये आहेत. भट्टीत म्हणे लाल सगळ्यात जास्त छळतो. निळा गुमान भाजून निघतो. लाल मात्र आच जरा वाढली की तपकिरी होऊन बसतो. "नुसता लाल असा रंगच नसतो" हे काकांचं ठरलेलं वाक्य. माझ्या टोमॅटोच्या साराला ते वीट म्हणाले, आणि नव्या साडीला अर्धं पिकलेलं डाळिंब. साडी मी अजून दुसऱ्यांदा नेसलेली नाही.

त्यात फ्रान्सचं वेड! तिकडच्या दरबारात लाल टाचा घालायचा मान फक्त राजाच्या मर्जीतल्या माणसांना असे, हे काकांनीच सांगितलं.

"मग तुम्ही कोणाच्या मर्जीतले?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"ॲप्लिकेशन पेंडिंग आहे," काका म्हणाले. "इन्शाल्ला होईल."

संध्याकाळी आम्ही तिघं खाडीकाठी फिरायला जातो. सूर्य धुरक्यात विरघळत असतो आणि काका बोलत असतात. फ्रेंच शिपायांच्या लाल विजारी मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांनी रंगवायचे. "शत्रूला लांबून दिसायचे हो, पण विजार बदलायला तयार नाहीत!" राजाविरुद्ध उठलेली माणसं लाल टोप्या घालायची. ऐकता ऐकता मला पाण्यावरून त्या टोप्या संथ तरंगत जाताना दिसायला लागतात, आणि घरी कुकर लावायचा आहे हे मी विसरून जाते.

एकदा मी विचारलंच, "काका, फ्रान्सच का?"

तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी लग्न होऊन तिकडेच असते. सात वर्षांच्या नातीला, इराला, फ्रेंचच येतं. व्हिडिओ कॉलवर ती "बोंजूर" म्हणून पळून जायची. काकू गेल्यापासून कॉलवर काका एकटेच उरले होते. मग त्यांनी मोबाइलवर मोडकंतोडकं फ्रेंच शिकून तिला लाल टाचांची गोष्ट सांगितली, बूट कॅमेऱ्यासमोर धरून. त्या दिवशी ती शेवटपर्यंत बसली. "तिच्या देशातलं मला दुसरं काय येणार, वहिनी? मी जन्मभर रंगच केले." मग हळूच म्हणाले, "नाताळात येतायत दोघी. पहिल्यांदाच. बोलेल का हो ती माझ्याशी?"



त्या आल्या त्या दुपारी मी डबा घेऊन गेले. काकाही नुकतेच एअरपोर्टवरून त्यांना घेऊन पोचले होते. इरा आईच्या मागे लपलेली. काका "बोंजूर" म्हणाले, ती गप्प. त्यांनी वाक्य पाठ केलं होतं, तेही अर्ध्यात अडकलं. "इरा, बोल ना काहीतरी," आई तिला फ्रेंचमध्ये म्हणाली. इराने मान हलवली. काकांचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना.

"दमली असेल पोर," ते म्हणाले आणि खाली वाकून बूट काढायला लागले. दाराबाहेर ठेवले, नेहमीसारखे टाचा बाहेरच्या बाजूला करून.

इरा पुढे आली. त्या टाचांकडे नीट बघितलं. मग खाली बसून तिने आपले छोटे बूट काढले आणि काकांच्या बुटांना खेटून ठेवले, टाचा बाहेर करून. त्या टाचा तिने स्वतःच रंगवलेल्या दिसत होत्या. नेलपॉलिश पार कडेवर आणि बंदांवर ओघळलेलं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आता वीट म्हणतात की डाळिंब, म्हणून मी वाट बघत होते.

"लाल," ते म्हणाले. "नुसता लाल."