अकरा मिनिटांत नागपूर

अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये रोज दुपारी साडेबाराला एका दारावर पुठ्ठा लागायचा: ‘विमान हवेत आहे. पावणेदोनपर्यंत बेल वाजवू नये.’ अक्षर ड्राफ्ट्समनचं, पट्टी लावून काढलेलं. पोस्टमन, गॅसवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे तो वाचून मुकाट माघारी फिरायचे. आणि हे विमान उडवणारे भोपीकाका जन्मात एकदाही विमानात बसले नव्हते.

काका कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा एका बंद पडलेल्या ऑफिसचा कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला. त्यात विमानाचा एक खेळ होता. खेळ अमेरिकेतला, त्यामुळे त्यात मुंबई नव्हती. काकांनी तिथलंच एक शहर सांताक्रुझ म्हणून ठरवून टाकलं.

“पण काका, समुद्र भलत्याच बाजूला आहे,” मी म्हणालो.

“चालवून घ्यायचं,” काका म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

तिथून पूर्वेला सव्वा तास गेलं की जे शेत लागेल, ते नागपूर. त्यांची मुलगी नागपूरला दिलेली होती, म्हणून काकांचं विमान दुसरीकडे कुठे जातच नसे.

त्या काळी प्रोसेसरला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूला, नुसते नंबर असत. काकांचा मेंदू २८६. वळताना पडद्यावरचं चित्र अडखळायचं. “विमान उचक्या देतंय रे,” ते मला म्हणाले. “जुनाच ठेवू, की तो ४८६ टाकू?”

मला का विचारलं, तर मी सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केला होता. माझं एकूण ज्ञान म्हणजे फ्लॉपी उलटी घातली तर आत जात नाही, इतपत. पण बिल्डिंगमध्ये मी एक्स्पर्ट होतो, आणि ती इभ्रत मी प्राणपणाने सांभाळत होतो.

काकांनी आलेख कागदावर दोन रकाने पाडले होते, जुना आणि नवा. नव्याच्या रकान्यात एकच प्रश्न होता. “वेळेत काही फरक नाही ना पडणार?”

“पडणार म्हणजे काय! वेळ वाचेल!” मी म्हणालो. “जुन्यात जीव अडकवू नका काका.”

शनिवारी आम्ही उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये लच्छूभाईंच्या दुकानात गेलो. “साईं, फोर एट सिक्स लो, रॉकेट है रॉकेट!” असं म्हणत त्यांनी बोर्डासकट नवा मेंदू बसवला आणि जुना एक्स्चेंजमध्ये ठेवून घेतला. परत येताना सगळी बडबड मीच केली.

रविवारी साडेबाराला पुठ्ठा लागला. मी जिन्यात पेपर वाचत बसलो होतो, शाबासकी घ्यायला. पेपरचं पहिलं पान संपायच्या आत दार उघडलं.

“नागपूर आलं,” काका म्हणाले.

“बघा! किती मिनिटांत?”

“अकरा. आत ये.”

विमान हवेत असण्याच्या वेळेला मी त्या घरात कधी गेलो नव्हतो. कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या होत्या. एकीत काकू, गळ्याशी नॅपकिन बांधलेला, डोळे गच्च मिटलेले, एका हाताने खुर्चीचा दांडा धरलेला. पुढ्यात वरणभाताचं ताट, जेमतेम दोन घास गेलेलं. काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेलाय हे आम्हाला ठाऊक होतं. त्यापलीकडे काही विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती.

“एरवी तोंड उघडतच नाही ती,” काका म्हणाले. “एकदा मी खेळत होतो, बाजूला बसवलेली. विमान सरळ चाललं तशी घास घ्यायला लागली. पोरीकडे निघालोय असं वाटतं बहुतेक. एकेक घास पाच पाच मिनिटं पुरतो. सव्वा तासात ताट होतं कसंतरी. आज मेलं सुटलं बाणासारखं, घाबरली.”

“परत उडवू या ना!”

“एकदा उतरलं की तोंड मिटते. मग नाय.”

खेळ जुना होता, मेंदू जितका तेज तितका तो सुसाट पळायचा. हे एक्स्पर्टला माहीत नव्हतं. डब्यावर ‘टर्बो’ लिहिलेलं एक बटण होतं, त्याने वेग कमी होतो असं ऐकून होतो. दाबलं. संध्याकाळपर्यंत खटपट करून मी अकराची सोळा मिनिटं केली.

सोमवारी रजा टाकून, काकांना आणि नव्या बोर्डाला घेऊन मी लच्छूभाईंचं दुकान गाठलं. जुना बोर्ड काउंटरवर होता आणि एक गृहस्थ तो पिशवीत घालत होते. उल्हासनगरलाच कॉम्प्युटरचा क्लास काढणार होते.

काका सरळ त्यांच्यापुढे गेले. “भाऊ, हा मला द्या. त्याच्या बदल्यात माझा नवा घ्या. वर काही नको.”

गृहस्थ दोन पावलं मागे सरकले. “का? यात बिघाड आहे?”

“नाही हो,” मी मध्ये पडलो, “नवा फारच चांगला आहे.”

“मग देताय कशाला?”

एक्स्पर्टने काकांकडे पाहिलं. काकाच म्हणाले, “बिघाड काही नाही. फार लवकर पोचतो.”

लच्छूभाईंनी कपाळाला हात लावला. “साईं, पचीस साल की दुकानदारी में उल्टा एक्स्चेंज पहली बार देखा!” पण नवा बोर्ड त्यांनी त्या गृहस्थांसमोर चालवून दाखवला, तेव्हा कुठे पिशवीतला जुना बाहेर आला.

पुढच्या रविवारी काकांनी मला आत बोलावलं, तेही विमान उडायच्या आधी. “तू कळा सांभाळ. नाक सरळ ठेव, बाकी काही करू नको.” इतकी सोपी नोकरी मला आयुष्यात मिळाली नव्हती. तरी माझ्या हातून विमान दोनदा कललं आणि काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कोर्सचं सर्टिफिकेट मनातल्या मनात फाडलं.

काकांनी पडद्याकडे पाहिलंही नाही. चमचा पुढे करायचा, थांबायचं, ओठ टिपायचे. खाली हिरवे चौकोन उचक्या देत मागे सरकत होते. नागपूर दिसायला लागलं तेव्हा काकूंचं ताट रिकामं झालं होतं.

“उतरवू का काका?”

काका आतून आपलं ताट वाढून घेऊन आले. भात केव्हाच गार झालेला. खुर्ची त्यांनी काकूंच्या जवळ ओढली.

“राहू दे जरा वर,” ते म्हणाले. “उतरलं की ती डोळे मिटून घेते. मी जेवेस्तोवर राहू दे.”