दिव्यावरची टिकली

वाहनाची खरी परीक्षा ते चालतं की नाही यात नसून थांबतं की नाही यात असते, हे सर्वांना मान्य आहे. तरीही नवी गाडी दारात आली की नारळ फुटतो तो चाकापुढे, हार पडतो तो बॉनेटवर आणि लिंबं चिरडली जातात ती पुढे जाताना. ब्रेकला कुणी कुंकू लावल्याचं आजवर ऐकिवात नाही. (तो पायाखाली असतो. पायाखालच्याला कुंकू लावत नाहीत.)

सापगावच्या साईनाथने ही उणीव भरून काढली. कुंकू नाही, पण टिकली लावली.

साईनाथ शहापुरातल्या एका कचेरीत आवक-जावक बघतो. वर्षापूर्वी त्याने एक ऑटोमॅटिक गाडी घेतली. सेकंडहँड, पण अंगाने खानदानी, लांब डिकीची. क्लच नाही, गिअर टाकायचा नाही. दांडी ‘डी’वर ओढायची, ब्रेकवरचा पाय उचलायचा, की गाडी आपली आपण निघते. गाव बघायला लोटलं. आता डाव्या पायाने काय करायचं, यावर पारावर तीन दिवस चर्चा होऊन त्याला भरपगारी रजा मंजूर झाली. मागच्या काचेवर साईनाथने मोठ्या अक्षरांत ‘आईचा आशीर्वाद’ लिहून घेतलं.

फक्त आई गाडीत बसेना.

“बैलबी हाकल्याबिगर चालत नाय रे,” सकुबाई म्हणाली. “ही पाय उचलला का चालते. म्हंजे ही ऐकते कोनाचं?”

सकुबाईचं माहेर टोकावड्याला. ती जायची एसटीने. तिचा थोरला भाऊ रामा दर खेपेला विचारायचा, “बाय, लेकानं गाडी घेतली ना? काचेवर तुझं नाव, नि सीटवर कोन?” हा प्रश्न एसटीनेच परत यायचा आणि रात्रीच्या जेवणात साईनाथच्या ताटात पडायचा. आईला पुढच्या सीटवर बसवायची आणि मामाच्या दारात उतरवायची, एवढं एकच त्याच्या आयुष्यात बाकी होतं. (घराचा स्लॅब सोडून.)

गाडीच्या निगेबाबत मात्र त्याला कुणी नावं ठेवू शकणार नाही. अकरा महिन्यांत गाडी एकोणपन्नास वेळा धुतली गेली. आधीच्या मालकाने सीटवरचं प्लास्टिक काढलं होतं, ते साईनाथने नवीन आणून परत चढवलं. दारांना चंदेरी पट्टी, मागे मान हलवणारा कुत्रा. ब्रेककडे शून्य वेळा बघितलं गेलं. (ब्रेक बाहेरून दिसत नाही.)

चौथ्या महिन्यात स्टिअरिंगमागच्या काचेत एक लाल दिवा लागला. गोल, आणि गोलात उद्गारचिन्ह. साईनाथ उद्गारचिन्हांना घाबरणाऱ्यांतला नव्हे. कचेरीत येणाऱ्या प्रत्येक कागदावर लाल शाईत ‘तातडीचे!’ असं असतंच. तो कागद गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला की पंधरवड्यात त्याची तातडी आपोआप उतरते, हा त्याचा एकोणीस वर्षांचा अनुभव.

तरी शहापूरच्या नाक्यावर मेकॅनिक प्रशांतने खिडकीतून डोकावून निदान केलं. “साईदादा, ब्रेक ऑइल उतरलंय, पॅड घासलेत. लावा आत. दोन तासांचं काम.”

घोडं अडलं ते या दोन तासांत. दोन तास गाडी जॅकवर, चाकं काढून, भर नाक्यावर. आणि अख्खं सापगाव त्याच नाक्यावरून जातं. गाडीवाला माणूस गॅरेजात दिसणं आणि जावई सासरी भांडी घासताना दिसणं, दोन्हींत पाप काही नाही. पण दिसू नये.

“शनिवारी आणतो,” साईनाथ म्हणाला. त्यानंतर एकतीस शनिवार झाले.

पहिली टिकली लागली ती त्याच्या बायकोच्या, रेश्माच्या हातून, आणि तीही नकळत. आपल्याकडे बायका तोंड पुसताना टिकली काढतात आणि समोर जी काच असेल तिला लावतात. घरोघरचे आरसे साक्षीला आहेत. साईनाथ टपरीवर गेला होता, सावली त्या बाजूला होती, म्हणून रेश्मा ड्रायव्हरच्या सीटवर सरकली. घाम पुसला, टिकली काढली, समोर काच होती, लावली.

साईनाथ परत आला तर दिवा नाही.

“बघ,” तो म्हणाला. “बोललो होतो ना? गेला आपोआप.”

दोन दिवसांनी त्याला टिकली दिसली. काढली, दिवा आला. लावली, दिवा गेला. हा प्रयोग तीनदा करून त्याने निष्कर्ष काढला की सदर उपाय परिणामकारक आहे. पुढे संध्याकाळी कडेने लाली दिसू लागली, तेव्हा एक नंबर मोठी टिकली लावण्यात आली.

यानंतर तक्रारी आवक क्रमांकाने येत गेल्या आणि त्याच क्रमाने निकाली निघाल्या. ब्रेक दाबला की जात्यात खडा सापडल्यासारखी करकर यायची. गाणी मोठ्याने लावली, करकर बंद. जळका वास आला. चंदनाच्या अत्तराची बाटली टांगली. पॅडल दिवसेंदिवस खोल जाऊ लागलं, तेव्हा साईनाथने सीट एक घर पुढे घेतली. अकराव्या महिन्यापर्यंत अशी पाच घरं झाली. गुडघे स्टिअरिंगला, नाक काचेला. “गाडी अंगासरशी बसली पाहिजे,” तो म्हणायचा. थांबायला उशीर लागतो म्हटल्यावर थांबायला लवकर सुरुवात करायची पद्धत पडली. शहापुरात उतरायचं तर पूल ओलांडायच्या आधीच ब्रेकवर पाय. आणि उतारावर उभी करताना चाकाला लावायला डिकीत एक दगड आला. तोही गाडीबरोबर धुतला जाई.

अशा रीतीने ब्रेक सोडून बाकी सगळं ठीक असताना रामामामाच्या नातवाचं लग्न निघालं. मामाचा निरोप आला: “बाय, हळदीला एसटीनं आलीस तर मांडवात घेनार नाय.”

सकुबाईने एक दिवस विचार केला आणि नवं लुगडं काढलं. साईनाथ त्या दिवशी गाडी दोनदा धुऊन मोकळा झाला.

सकुबाई पुढे बसली, रेश्मा आहेराची पिशवी घेऊन मागे. प्लास्टिकवरून घसरायला होतं म्हणून सकुबाईने धरायला काही मिळतं का बघितलं. दोन सीटांच्या मध्ये, ‘डी’च्या दांडीमागे, आणखी एक दांडी होती.

“ही कशाला रे?”

“हँडब्रेक. गाडी उभी केल्यावर ओढायची.”

“उभी केल्यावर ओढायची, का ओढल्यावर उभी ऱ्हाते?”

“एकच ते, आई.”

सकुबाईने ही माहिती डोक्यात ठेवली आणि हात दांडीवर. किन्हवली गेली. सरळगावच्या अलीकडे तिची नजर स्टिअरिंगमागे गेली.

“गो रेश्मा, गाडीला टिकली कोनी लावली?”

रेश्मा बाहेरचे डोंगर बघू लागली. सकुबाईने नखाने टिकली उचलली.

“साई, लाल दिवा लागलाय.”

“तो तसाच असतो, आई.”

“तसाच आसतो, तर झाकला कशाला?”

एकोणीस वर्षांच्या नोकरीत साईनाथला असा प्रश्न कुठल्याही साहेबाने विचारला नव्हता. त्याने गाणी आणखी मोठी केली.

टोकावड्यात मामाचं घर रस्त्याखाली. मातीची उतरती वाट, खाली खळ्यात मांडव, मांडवात पाटावर हळद लागलेला नवरदेव आणि एकशे चाळीस पाहुणे. वाटेच्या तोंडाशी साईनाथने ब्रेक दाबला. चिखलणीच्या वावरात पाय जावा तसा पाय खाली गेला आणि खालीच राहिला. सीट पुढे घ्यायला घर उरलं नव्हतं. त्याने आणखी एकदा दाबला, मग दोन्ही पायांनी दाबला. (डाव्या पायाची रजा त्या क्षणी रद्द झाली.) गाडी, जी कुणाचंच ऐकत नव्हती, ती खाली निघाली.

“आई…” एवढंच तो म्हणाला. मागच्या काचेवर पुढचं लिहिलेलंच होतं.

बेंजोवाल्यांना वाटलं हीच एंट्री. त्यांनी दणक्यात सुरू केलं. आंब्याच्या पानांचं तोरण बॉनेटवर आलं, तीन खुर्च्या आडव्या झाल्या, हळदीचं ताट घेतलेल्या बाया बाजूला झाल्या. आणि सकुबाईने उधळलेल्या बैलाचा कासरा ओढावा तशी दोन्ही हातांनी दांडी ओढली.

गाडी नवरदेवाच्या पाटापासून दीड हातावर उभी राहिली.

रामामामाचे डोळे भरून आले. “बाय! लेकानं थेट मांडवात आनली गो तुला!”

“मी आनलाय त्याला,” सकुबाई म्हणाली.

साईनाथ सीट आणि स्टिअरिंगच्या मध्ये अडकला होता. त्याला दोघांनी ओढून काढेपर्यंत, भाचा किती विनयशील, हाताला धरल्याशिवाय उतरत नाही, असं पाहुण्यांत बोललं गेलं.

मग प्रशांतला फोन झाला. तो सामान घेऊन मोटरसायकलवरून आला. नाक्यावरची दहा-बारा माणसं टाळण्यासाठी जे काम एकतीस शनिवार थांबलं होतं, ते चाकं काढून, मांडवाच्या मधोमध, एकशे चाळीस पाहुण्यांसमोर पार पडलं. वेळ लागला एक तास पन्नास मिनिटं. (त्यात चहा दोनदा.)

“आता बसशील ना, आई?” परतताना साईनाथने विचारलं. त्याचा आवाज इतका बारीक होता की गाणी बंद असल्याचं प्रथमच जाणवलं.

“बसंन. पन दांडी माझ्याकडं.”

सकुबाई बसली. सापगावपर्यंत तिने दांडी सोडली नाही. थोडी वर ओढूनच धरली. त्याने झालं असं की तो लाल दिवा पुन्हा लागला.

“आई, खरंच काही नाय. तू दांडी धरलीस म्हणून लागतोय तो.”

“हां,” सकुबाई म्हणाली. “तसाच आसतो.”

मागून रेश्माने टिकल्यांचं पाकीट पुढे केलं.

ते पाकीट अजून गाडीच्या कप्प्यात आहे. आता लागत नाही म्हणून साईनाथने ते गावात कुणाला हवंय का, असं विचारून बघितलं. कुणी घेतलं नाही. सगळे पोटभर हसले आणि आपापल्या घरी गेले.

तुमचंही हसून झालं असेल, तर उठता उठता सहज बघा. तुमच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलंय ना, त्याच्यामागची ती भेग. मागच्या वर्षी कुठपर्यंत होती?

(यंदाचं कॅलेंडर जरा मोठं आणलंत, हे आमच्या लक्षात आलंय.)