सोनकांबळ्यांच्या घरातलं जपान

सोनकांबळ्यांच्या घरी चहा प्यायचा तर आधी जपानच्या खालून जावं लागे.

घर तीन खोल्यांचं, एकामागे एक. पुढची खोली मला भाड्याने दिलेली, शेवटी स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कमरेएवढ्या उंचीवर, फळ्यांचं एक मोठं मेज. त्यावर जपान. म्हणजे डोंगर, दोन बोगदे, पूल, नदी, एक स्टेशन, आणि त्यातून फिरणारी गाडी. बाजूने जायला वीतभरही जागा नाही. त्यामुळे येणारा पाव्हणा कितीही मोठा असो, स्वयंपाकघरात जायचं तर त्याने रांगत जायचं. पलीकडून वैनींचा आवाज येई, "वाका भावजी, अजून वाका. जपान लागंल डोक्याला!"

मी पहिल्या दिवशी रांगत गेलो तेव्हा वाटलं, आपण खोली बघायला आलो की नवस फेडायला?

लातूर जिल्हा नुकताच नवा झाला होता. मी अहमदपूरहून बदलून आलेला कारकून. कचेरीत खुर्च्या कमी, माणसं जास्त, आणि कपाटं तर अजून जुन्या जिल्ह्यातून यायचीच होती. सोनकांबळे तिथे ट्रेसर. नव्या जिल्ह्याच्या नकाशांच्या प्रती काढायचं काम त्यांच्याकडे. पस्तिशीचा, सडपातळ, कानावर कायम पेन्सिल खोचलेला माणूस. दिवसभर औसा, उदगीर, निलंगा शाईने रेखायचे आणि पाच वाजता सायकलला टांग मारून जपानला जायचे.

प्रत्येक गोष्टीवर त्यांचा एकच शेरा असे. "मापात हाय" किंवा "मापात न्हाई". भाकरी मापात, पुढाऱ्याचं भाषण मापात नाही, आमच्या हेडक्लार्कची मिशी तर अजिबातच मापात नाही. कारण त्यांचं सगळं जग एकाला दीडशे या हिशेबाने चाले. खरी गाडी दीडशे हात असेल, तर मेजावरची एक हात.

"आता तुमचं अहमदपूर धरा," ते मला सांगत. "दीडशेनं भागलं तर टपालखान्यापाशी येतं. आन् नांदेड? गंजगोलाईच्या जरा पल्याड. म्हंजी माझं माहेरच म्हना की, चालत धा-पंधरा मिन्टं!"

आणि खरंच, कधी कधी संध्याकाळी ते गंजगोलाईच्या बाजाराकडे फिरायला निघत तेव्हा वैनींना सांगत, "नांदेडाहून येतो जाऊन."

हे जपान लातुरात आलं कसं, त्याची हकिकत मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलीय की अजिंठ्याला मीच गेलो होतो असं आता वाटतं. सोनकांबळे लेणी बघायला गेले होते. भर उन्हाची वेळ. पायऱ्यांवर एक म्हातारा जपानी पाव्हणा चक्कर येऊन बसला. यांनी त्याच्यावर छत्री धरली, पिशवीतला कांदा फोडून नाकाशी धरला, फिरकीच्या तांब्यातलं पाणी पाजलं. पाव्हण्याला मराठी येईना, यांना जपानी. मग यांनी वही काढली आणि आपल्या लातूरच्या छोट्या रुळांच्या गाडीचं चित्र काढून दाखवलं. धूर, शिट्टी, टपावर बसलेली माणसं, सगळं. म्हाताऱ्याचे डोळे चमकले. त्याने पेन्सिल घेतली आणि शेजारी आपल्या गावची गाडी काढली. तो तिकडे एका लहानशा ठेसनाचा मास्तर होता. दोघं तीन तास चित्रं काढत बसले. लेणी राहिली बाजूला.

त्या म्हाताऱ्याचं नाव मोरी.

"नावाला हसायचं न्हाई," सोनकांबळे आधीच बजावत. वैनी मात्र पदराआड हसायच्याच. "यांचा एक दोस्त, त्योबी मोरी," म्हणायच्या.

पुढे वर्षभराने टपालाने एक पुडकं आलं. पोस्टमास्तरांनी ते तिथेच उघडायला लावलं. आत चष्म्याच्या घरापेक्षा जराशा मोठ्या डबीत, कापसात गुंडाळलेलं एक इंजिन आणि पाच डबे. प्रत्येक डबा बोटाएवढा. त्या दिवशी टपालखान्याचं काम तासभर बंद होतं म्हणतात. सगळे भिंग घेऊन रांगेत उभे.

मीही त्या भिंगातून पाहिलंय. आपल्याकडची खेळण्यातली गाडी म्हणजे तांबडा पत्रा आणि किल्ली. ही तशी नव्हेच. खिडकीखालची अक्षरं केसाएवढी, पण लिहिलेली. आत बाकं, बाकांना निळा रंग. चालकाच्या काचेवरचं पाणी पुसायची काडीसुद्धा होती.

"आन् ह्ये बगा," सोनकांबळे भिंग शेवटच्या खिडकीवर न्यायचे आणि आवाज उतरवायचे, देवळात बोलावं तसा. "हितली काच दुधी हाय. का? तर आत संडास हाय. कोन बगनार हाय सांगा? कुनीच न्हाई. तरी त्या मानसानं दुधी काच घातली!"

एवढ्याशा दुधी काचेवरून त्या अख्ख्या देशाबद्दल त्यांचं मत कायमचं चांगलं झालं होतं.

रूळ पुढच्या पुडक्यांतून आले. बाकीचं सगळं घरचं. डोंगर जुन्या नकाशांच्या लगद्याचे, झाडं वाळल्या गवताची, बोगद्याची तोंडं खपली गव्हाच्या पोत्याच्या सुतळीची. वैनींची एक हिरवी साडी टेकड्यांवर गेली होती, त्याबद्दल त्या दोन महिने बोलत नव्हत्या. मेजावरून चहा न्यायला सक्त मनाई. एकदा बशीतला थेंब स्टेशनच्या छपरावर सांडला, तर सोनकांबळे दिवसभर "पूर आला, पूर आला" करत कापसाने टिपत होते.

आणि नदी. मोरीसाहेबांच्या गावाला नदी आहे म्हणून यांच्या मेजावरही नदी. पत्रातल्या फोटोवरून बनवलेली. निळ्या-हिरव्या रंगावर वार्निशचा हात, तो वाळला की दुसरा, मग तिसरा. असे किती हात दिले देव जाणे. खाली गोदावरीचे बारीक खडे, नांदेडहून आणलेले. इतकं खोल, इतकं ओलं दिसे ते पाणी, की मी पहिल्यांदा नकळत बाही वर सारली होती.

त्या सालचा उन्हाळा फार वाईट होता. लागोपाठ दोन वर्षं पावसाने पाठ फिरवलेली. गल्लीत टँकर दोन-तीन दिवसांनी यायचा, आणि तो कधी येईल याचा भरवसा नसायचा. सकाळपासून घागरींची रांग लागे आणि माणसं सावलीला बसून राहत. सुट्टीच्या दुपारी आम्ही दोघं मधल्या खोलीत बसायचो. बाहेर पांढरं ऊन. आत अंधूक, गार. गाडी पुलावरून जायची तेव्हा इतका हलका आवाज यायचा, जसं कुणी शेजारच्या खोलीत बारीक मणी ओवतंय. बोगद्यात शिरली की आम्ही दोघंही श्वास धरायचो आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर आली की सोडायचो. मग परत. एक वाजायचा, दोन वाजायचे. मला वाटायचं, आपण लातुरात नाहीच. डोंगरावर धुकं आहे आणि पुढच्या ठेसनावर कुणीतरी न्यायला आलंय.

मोरीसाहेबांना पत्र इंग्रजीतून जाई. मजकूर ठरलेला. "डियर मोरी सर, ड्रॉट इज हिअर. ट्रेन इज वेल." तिकडून फोटो येत. एका फोटोत तिथलं प्रदर्शन होतं. शाळेच्या सभागृहात टेबलांवर गाड्याच गाड्या, आणि भोवती म्हातारेकोतारे हात मागे बांधून, पायात नुसते मोजे घालून उभे. तो फोटो सोनकांबळ्यांनी भिंतीला लावला होता. "कुनी ढकलून न्हाई राहिलं," ते म्हणायचे. "कुनी बोलून न्हाई राहिलं. नुसतं बगायचं. असं एक प्रदर्शन आपल्या लातुरात झालं पायजे."

आणि योग आला. नव्या जिल्ह्याचं पहिलं मोठं प्रदर्शन भरायचं ठरलं. पंप, बियाणं, लोणची-पापड आणि 'जिल्ह्याचे कलावंत' असा एक मंडप. सोनकांबळ्यांनी अर्ज केला आणि तो चक्क मंजूर झाला. महिनाभर माणूस जमिनीवर नव्हता. मेज चार तुकड्यांत निघेल अशी व्यवस्था केली, पाटी रंगवली, 'चपला बाहेर काढाव्यात. बोलू नये.' वैनींनी त्यांचा एकुलता एक कोट उन्हात घातला.

आदल्या दिवशी आम्ही मंडपात मेज जोडून ठेवलं. प्रदर्शनाचे साहेब पाहणीला आले. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. गाडी पाहून "वा!" म्हणाले आणि मग त्यांची नजर नदीवर गेली.

"सोनकांबळे, ही नदी?"

"मोरीसाहेबांच्या गावची हाय, साहेब."

"कुठल्या मोरीची?"

"जपानच्या, साहेब."

साहेबांनी डोकं झटकलं. "अहो, उद्या मोठे पाहुणे येणार. पेपरवाले येणार. बाहेर लोक घागरी घेऊन बसलेत आणि मंडपात दुथडी भरलेली नदी! फोटो छापून आला तर? असं करा, वरून भुसा टाका थोडा. मातकट दिसू द्या. आटलेली."

सोनकांबळ्यांनी कानावरची पेन्सिल काढली, परत खोचली. मग अगदी हळू म्हणाले, "साहेब, हाय तेवढी एक नदी भरलेली हाय. तीबी आटवू?"

"मग मेज ठेवता येणार नाही."

"हाव," सोनकांबळे म्हणाले आणि पाना काढून नटबोल्ट सोडवायला लागले.

हातगाडीवरून जपान परत आलं. सोनकांबळे ओसरीत बसून राहिले, कोट अंगात तसाच. रात्री जेवलेसुद्धा नाहीत असं वैनी सांगत होत्या. मीही उगाच त्यांच्यासमोर जायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिकडे मंडपात फीत कापली जात असेल त्या सुमाराला, आमच्या गल्लीत टँकरची रांग लागली होती. पन्नासएक घागरी, तेवढ्याच बाया, काही म्हातारे, कडुलिंबाच्या सावलीत दाटीवाटीने. वैनी रांगेतून घरात आल्या. नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "टँकर काय दोपारशिवाय येत न्हाई. तवर लोकं बसूनच हायत. आना ते बाहेर."

सोनकांबळ्यांनी वर पाहिलं.

"आना म्हनते ना. चार तुकडे हायत, चौगं धरू."

असं आमच्या गल्लीत लिंबाखाली प्रदर्शन भरलं. वीज नव्हतीच. कोपऱ्यावरच्या ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्या मलप्पाने एक बॅटरी आणून दिली, तीवर गाडी चालली. पाटी लावायची राहूनच गेली. पण गाडी पहिल्यांदा बोगद्यातून बाहेर आली आणि गल्ली गप्प झाली. कुणीही न सांगता बायांनी चपला बाजूला काढल्या. एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की निम्म्या बायका गाडी बघतच नाहीत. त्या नदीकडे बघतायत. एकीने हळूच बोट पुढे केलं आणि पाण्याला लावलं. सोनकांबळे एरवी कुणाला मेजाला शिवू देत नसत. आज जरा बाजूला सरकले. तिने बोट उलटून पाहिलं, कोरडं होतं. हसली. मग दुसरीने लावलं.

धुरपतामाय नावाची एक म्हातारी आमच्या गल्लीत होती, नजर अजून पक्की. ती डब्यांकडे डोळे बारीक करून बघत होती. म्हणाली, "एवढी चांगली गाडी, आन् आत मानूस न्हाई व्हय रं बाबा?"

"हाय की माय," सोनकांबळे म्हणाले. "एक हाय. तिसऱ्या डब्यात, खिडकीपाशी."

त्यांनी गाडी थांबवली आणि भिंग तिच्या हातात दिलं. म्हातारी बघत राहिली. "धवळी कापडं हायत. कोन हाय?"

"माझा बा."

मी इतके महिने त्या घरात राहत होतो, हे मला ठाऊक नव्हतं. वैनींनाही नसावं, कारण त्या होत्या तिथेच थबकल्या.

सोनकांबळे गाडीकडे बघतच सांगत होते. त्यांचे वडील नांदेडला ठेकेदाराकडे रुळाखाली खडी टाकायच्या कामावर. आयुष्य रुळांवर गेलं, पण गाडीत कधी बसले नाहीत. छप्पन साली नागपूरला दीक्षा घ्यायला सगळी माणसं निघाली, तेव्हा त्यांनीही दोघांची तिकिटं काढली. पांढरं धोतर, पांढरा सदरा, रात्री धुऊन सकाळी घातलेला. ठेसनात पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी हलायला लागली तसं त्यांनी लेकाला उचललं आणि खिडकीतून आत, गावातल्या एका माणसाच्या मांडीवर दिलं. स्वतः खालीच राहिले.

"मी जाऊन आलो," सोनकांबळे म्हणाले. "परत आलो तर बा ठेसनावरच. घरी गेलाच नव्हता. मला म्हनला, 'खिडकीपाशी जागा भेटली का रं तुला?' मी म्हनलं, भेटली. लई खूश झाला. पुढं दोन सालांनी वारला. मग म्हनलं, आता आपल्या घरात गाडी हाय..."

त्यांनी तिसऱ्या डब्याच्या टपावरची धूळ बोटाने टिपली.

धुरपतामायने भिंग खाली ठेवलं. "कुठपतूर आलाय त्यो?" तिने विचारलं.

"नदीपतूर."

"मग थांबू दे की जरा गाडी. पानी पिऊन घेऊ दे त्याला."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला. एकच गलका झाला, बाया चपला सोडून घागरींकडे धावल्या. धुरपतामायही गेली. धुळीचा लोट उठला आणि लिंबाखाली आम्ही तिघंच उरलो.

वैनींची घागर रांगेत पुढे होती, पण त्या हलल्या नाहीत. त्यांनी भिंग उचललं आणि तिसऱ्या डब्यावर धरलं. गाडीच्या काचेतून आत बसलेल्या, काडीपेटीच्या काडीतून कोरलेल्या, तांदळाएवढ्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिल्या. लग्न होऊन त्या घरात आल्या त्याच्या कितीतरी आधी ते वारले होते. फोटो कुणी काढलेला नव्हता.

"मामंजी दिसायला कसे होते वो?" त्यांनी विचारलं.

सोनकांबळे त्यांच्या शेजारी वाकले. मी वैनींची घागर उचलली, माझी बादली घेतली आणि रांगेत जाऊन उभा राहिलो.